साल्साच्या मूळ फिती
साल्सा हें नांव पुष्कळांना नृत्याचें म्हणूनच ठाऊक असतें. क्यूबाच्या ‘सोन’ संगीताला न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन वादकांनीं शहरी वेग दिला. त्या संगीतालाहि पुढें तेंच नांव रूढ झालें. १९६४ सालीं जॉनी पाचेको हा वादक व जेरी मासुची हा वकील ह्यांनीं तेथें ‘फानिया’ ही ध्वनिमुद्रण-संस्था काढली. मासुची १९९७ मध्यें वारला. मूळ फिती हडसन गांवच्या गुदामांत धूळ खात पडल्या. २००५ मध्यें संस्था नव्या मालकांकडे गेली आणि पुढील वर्षापासून जुनीं मुद्रणें पुन्हा निघूं लागलीं.

झिजलेल्या तबकडीवरून प्रत घेणें सोपें. मग फितींसाठींच अट्टाहास कां? तबकडीची खरखर प्रतींतहि उतरते, आणि ती काढूं जावें तों ‘क्लावे’ ह्या दोन काठ्यांचा टणत्कार बोथट होतो. सारा ताल तर त्यावरच उभा! फितीवर मात्र कोंगा ह्या उभ्या ढोलावरील तळहाताची थाप निराळी, बोटांची निराळी ऐकूं येते. पण फीतहि अमर नसते. चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा लेप कांहीं फितींत दमटपणानें चिकट होतो. अशी फीत मंद उष्णतेंत तासन् तास ठेवून मगच वाजवितात. क्यूबाची गायिका सेलिया क्रूझ व पाचेको ह्यांची १९७४ ची तबकडी २०२४ सालीं मूळ फितीवरूनच नव्यानें कोरली गेली.