पापुद्र्याखालचा एक मिलिमीटर

कळण्याची भाकरी विस्तवावर टम्म फुगते, तेव्हा आत काय घडतं? पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि वरचा पापुद्रा अलगद सुटतो. आपल्या खानदेशात चुलीपुढे बसून हे ज्यानं पाहिलंय, त्याला गुदाशयाच्या कॅन्सरवरचा एक अफाट इलाज अर्धा कळलाच आहे.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे 15 सेंटिमीटरचा भाग. भिंत जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड. तेवढ्यातही थर! आत ओलसर अस्तर, त्याखाली भुसभुशीत थर, मग स्नायू. कॅन्सर सुरू होतो अस्तरात. भुसभुशीत थरात तो एक मिलिमीटरहून कमी शिरला असेल, तर लसिकाग्रंथींपर्यंत पोचल्याची शक्यता बहुधा फार थोडी. एक मिलिमीटर म्हणजे किती? एटीएम कार्डाहून किंचित जाड, बस्स.

मग तेवढाच पापुद्रा काढता येईल? पोट न फाडता? येतो! 1990च्या दशकात जपानी डॉक्टरांनी ही रीत बसवली. दुर्बीण गुदद्वारातून आत जाते. बारीक सुई गाठीखाली निळा रंग मिसळलेलं पाणी सोडते आणि, बघा, भाकरी फुगते! अस्तर वर उचललं जातं, खाली निळी उशी तयार होते. स्नायू मात्र फिकट पांढराच राहतो. निळ्यात कापायचं, पांढऱ्याला धक्का लावायचा नाही. विजेवर चालणाऱ्या अशा एका सुरीच्या टोकाला तर चिनी मातीचा इवलासा मणी असतो. मण्यातून वीज जात नाही, म्हणून टोक भिंतीत घुसत नाही.

आणि दुखत नाही? या अस्तराला कापलेलं कळतच नाही. ताण कळतो, फुगारा कळतो, सुरी नाही!

निघालेला तुकडा टाचण्यांनी कॉर्कवर ताणून बसवतात, पापड वाळत घालावा तसा. मग सूक्ष्मदर्शकाखाली खोली मोजायची. कॅन्सर जास्त खोल निघाला, तर मोठं ऑपरेशन. म्हणूनच जीव तुटतो, तो रक्त पडत असताना ‘मूळव्याधच असेल’ म्हणून महिनोन्‌महिने घरी काढणाऱ्यांसाठी. जळगाव-भुसावळहून गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयात पोचेपर्यंत तो एक मिलिमीटर कधीच मागे पडलेला असतो.

मोठ्या ऑपरेशनात रोगट भाग काढून आतड्याची टोकं जोडतात. कधी जोड गळतो, मागे पू साचून कप्पा तयार होतो. पुन्हा पोट उघडायचं? काही रुग्णांत दुर्बिणीनं त्या कप्प्यात चक्क स्पंज ठेवतात! त्याला नळी, नळीला शोषणारं यंत्र. आपलं ठिबक थेंबथेंब पाणी देतं, हा स्पंज थेंबथेंब घाण ओढून घेतो. त्या ओढीनं कप्प्याच्या भिंती जवळ येतात, तळाशी ताजं लाल मांस धरू लागतं. दोन-तीन दिवसांनी जुना स्पंज काढून नवा बसवायचा आणि कप्पा आक्रसत जाईल तसा दर वेळी आधीपेक्षा लहान कापायचा.