लेड क्लोराइड खरंच ‘अविद्राव्य’ आहे का?

गट विश्लेषणात आपण पाठ केलंय: लेड क्लोराइड म्हणजे पांढरा, अविद्राव्य अवक्षेप. पण आकडे बघा. २० अंश सेल्सिअसला १०० मिली पाण्यात ते सुमारे १ ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात ३ ग्रॅमहून जास्त! म्हणूनच पहिल्या गटात सापडलेलं शिसं दुसऱ्या गटात पुन्हा हजेरी लावतं.

थोडं जादा हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की क्लोराइड आयन वाढतात आणि विद्राव्यता घटते. मात्र संहत आम्ल ओतत राहिलात, तर संयुक्त आयन बनून अवक्षेप परत विरघळतो.

म्हणून प्रयोगशाळेत दोन सवयी लावून घ्या. अवक्षेप गरम पाण्याने नको, थंड, सौम्य आम्लाने धुवा. आणि गाळलेलं द्रावण नितळ दिसलं तरी बेसिनमध्ये ओतू नका. त्यात शिसं असतंच. ते जड धातूंच्या वेस्टच्या बाटलीतच जायला हवं.