विश्लेषण : ज्येष्ठांच्या पडण्याचा धोका घरीच कसा ओळखायचा?

सोलापुरात अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येते त्या दिवशी पिंप, घागरी, बादल्या भरण्याची घाई होते आणि मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशी ओली होते. अशाच वेळी आजींचा पाय घसरतो. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात पडण्याचा धोका बऱ्याचदा आधी ओळखता येतो. त्यासाठी एक खुर्ची, घड्याळ आणि दहा फूट मोकळी जागा पुरते.

पडणे इतके गंभीर का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार जण पडल्यामुळे दगावतात. यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. साठी ओलांडलेल्यांना सर्वाधिक धोका असतो. हाडे ठिसूळ झाल्याने साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. हाड वाचले तरी मनात धास्ती बसते. मग चालणे कमी होते, पाय अशक्त होतात आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते.

कोणते तीन प्रश्न विचारावेत?

गेल्या वर्षभरात कधी पडलात का? उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? पडण्याची भीती वाटते का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर पुढची तपासणी करावी. मुलांना काळजी नको किंवा बाहेर जाणे बंद होईल, म्हणून अनेक ज्येष्ठ पडल्याचे सांगत नाहीत. त्यामुळे न रागावता विचारावे.

घरी चाचणी कशी करायची?

खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ ओढावी. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. नेहमीची चप्पल, काठी चालेल. १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला तर धोका समजावा. दुसऱ्या चाचणीत हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते ते मोजावे. ७० ते ७४ वयात स्त्रियांना १० पेक्षा आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद कमी आहे. दोन्ही वेळी शेजारी कोणीतरी उभे राहावे. आधाराशिवाय उभे राहता येत नसेल त्यांनी घरी चाचणी करू नये.

डॉक्टरांकडे काय तपासून घ्यावे?

आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजून घ्यावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उठताना चक्कर येऊ शकते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात शरीरातील पाणी कमी झाले की हा त्रास वाढतो. झोपेच्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या सर्व गोळ्या दाखवाव्यात. मनाने बंद करू नयेत. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर आणि पायांची बधिरताही तपासावी. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’मध्ये, मेडिसिन व अस्थिरोग विभागांत दाखवता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

धोका कमी कसा होतो?

तोल आणि पायांच्या ताकदीच्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात २०१९ मध्ये दिसले. न्हाणीघरात पकडायला दांडी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, मागे पट्टा असलेली चप्पल, हे बदल फार खर्चाचे नाहीत. आणि पाणी येईल त्या दिवशी भरलेली घागर आजींच्या हाती न देता आधी फरशी पुसावी.