पाणी तापवायचं की वारा घालायचा?

मास्कचं प्रकरण या आठवड्यात घेतो म्हणालो होतो, पण दापोलीकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि मास्क मागे पडला. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर त्यांच्या वाडीत कितीतरी दिवस वीज नव्हती. सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) कपाटावर आणि हे आरामखुर्चीत, असे दिवस काढले त्यांनी. आता मोठा इन्व्हर्टर घ्यायचाय. किती मोठा घेऊ, विचारतात.

माझा उलट प्रश्न : पाणी तापवणं बंद ठेवाल का?

यंत्राच्या पोटात दोन बिऱ्हाडं असतात. एक वारा घालणारा पंखा, दुसरं ह्युमिडिफायरची, म्हणजे हवेला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या भांड्याची, तापणारी पट्टी. घरी वॉटमीटर लावून पाहिलंय. माझ्या यंत्राचा दाब पाण्याच्या १० सेंटिमीटरइतका. नुसता पंखा सरासरी आठेक वॉट घेतो. पाणी आणि नळी तापू लागली की आकडा चाळिशीत. आठ तासांच्या झोपेला एका हिशेबात ६४ वॉट-तास, दुसऱ्यात ३२०. दुकानदार अ‍ॅडॉप्टरवरचे ९० वॉट वाचतो आणि त्या मापाची बॅटरी गळ्यात मारतो.

जूनमध्ये कोकणातल्या हवेला वेगळं पाणी कशाला पाजायचं? पट्टी बंद करा, पाणी भांड्यात राहू द्या. वरून जाणारी हवा थोडा ओलावा घेतेच. नागपूरच्या मे महिन्यात मात्र हे सांगायची माझी छाती नाही.

आता इन्व्हर्टर. त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे. बॅटरी १२ व्होल्टची. इन्व्हर्टर तिचे २३० करतो, अ‍ॅडॉप्टर त्याचे पुन्हा २४. दर ओताओतीत सांडलंवरलं. वर घरचा इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच दहा-पंधरा वॉट खातो. गड्याला आठ, मुकादमाला पंधरा! त्यापेक्षा यंत्राच्या कंपनीचा १२ व्होल्टवरून २४ करणारा कन्व्हर्टर घ्या आणि बॅटरीला थेट जोडा. यंत्र १२ व्होल्टवरच चालणारं असेल तर काम आणखी सोपं. तळाचं लेबल वाचा. २० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर २४० वॉट-तास. शिसे-आम्लाची असेल तर निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे पट्टी बंद ठेवून, सांडलंवरलं धरून दीड रात्र. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर तीन.

मी स्वतः हे शहाणपण उशिरा शिकलो. आधी कॉम्प्युटरचा यूपीएस पलंगाखाली ठेवला होता. रात्री दीडला वीज गेली आणि तो पीं-पीं करायला लागला. हिने उठून त्याच्यावर गोधडी टाकली. साडेतीनला आतली इवलीशी बॅटरी संपली, पीं-पीं थांबलं, आणि त्या शांततेनंच मला जाग आली. नाकावर थंड रबर, तोंड आपसूक उघडलेलं. गुदमरलो नाही. (पत्र लिहिणाऱ्या वाचकांच्या सौभाग्यवतींना हीच धास्ती आहे. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला वारा थांबला की उघडणारी झडप असते.) पण पुढची झोप घोरण्यातच गेली, असा घरचा अहवाल आहे.

एक गंमत राहिली. परवा बॅटरीवर झोपण्याआधी मीटर पाहिला तर आठाऐवजी तेरा. दाब तोच, पट्टी बंद. बोट फिरवून पाहिलं तर मिशीच्या डाव्या टोकाखालून वारा सुटत होता, आणि तो भरून काढायला पंखा घाम गाळत होता. तेव्हा पुढच्या आठवड्यात मास्क. मिशीसकट.