गाडीचा पिकअप वाढवायचाय? आधी इंजिनाची सहनशक्ती ओळखा

घरात नवी गाडी आली की पहिलं वर्षभर तिचं कौतुक चालतं. दुसऱ्या वर्षी कुणीतरी, बहुतेक वेळा कॉलेजात जाणारा मुलगा, म्हणतो, "गाडी छान आहे, पण हिला पिकअप नाही." मग मोबाइलवर व्हिडिओ दाखवले जातात, तासाभरात ३० टक्के ताकद वाढवून देणाऱ्या दुकानाचा पत्ता निघतो आणि घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, करून टाकू. दुसरा म्हणतो, कंपनीने दिलंय त्याला हात लावू नका.

तुमच्या घरी हा वाद सुरू असेल तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे. इंजिनाची ताकद वाढवता येते आणि त्यानंतरही गाडी भरवशाची राहू शकते. पण ही जास्तीची ताकद इंजिनाच्या कोणत्या भागावर भार टाकून मिळणार आहे, ते पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.

ताकद येते कुठून?

१ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे नुसतं पेट्रोल जास्त ओतून काही होत नाही, हवाही जास्त आत गेली पाहिजे. त्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर प्रत्येक स्फोटात जास्त हवा कोंबायची, नाहीतर इंजिन जास्त वेगाने फिरवायचं.

पहिल्या मार्गात पिस्टन, हेड गॅस्केट आणि क्लचवर दाब वाढतो. दुसऱ्या मार्गात कनेक्टिंग रॉडवर ताण येतो आणि हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन ७,००० पर्यंत नेलं तर फेऱ्या १७ टक्क्यांनी वाढतात, पण रॉडवरचा ताण सुमारे ३६ टक्क्यांनी. म्हणून 'रेव्ह लिमिट थोडीशी वाढवून देतो' असं कुणी सहज म्हणालं, तर ते सहज घेऊ नका.

आणि उष्णता तर दोन्ही मार्गांत आहेच. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच कामाला येतो, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे बाहेर पडते. ताकद ३० टक्क्यांनी वाढवली, तर ती पूर्ण वापरताना जवळपास तेवढीच जास्त उष्णताही बाहेर टाकावी लागणार. रेडिएटर मात्र तोच जुना. दुकानातल्या डायनो मशीनवर गाडी काही सेकंद पळवून छान आलेख हातात देतात. खरी परीक्षा असते ती मे महिन्यात, पाच माणसं, सामान आणि एसी चालू ठेवून वीस मिनिटं घाट चढताना.

कंपनी हे कसं करते?

याचं सुंदर उदाहरण आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावत होतं. फियाटचं १.३ लिटरचं, म्हणजे १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन. मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत ते इतकं बसवलं गेलं की लोक गमतीने त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क द्यायचं. तेच इंजिन एर्टिगा आणि सियाझमध्ये ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर द्यायचं.

हे आकडे जरा थांबून बघा. ताकद २० टक्क्यांनी वाढली, पण टॉर्क जेमतेम ५ टक्क्यांनी. ९० पीएसच्या इंजिनाला वेगळा टर्बो होता. त्याची पाती इंजिनाच्या वेगाप्रमाणे कोन बदलायची, त्यामुळे वरच्या फेऱ्यांनाही इंजिनाचा श्वास कोंडत नसे. पिस्टनला धक्का देणारा सर्वांत मोठा जोर कंपनीने जवळजवळ होता तिथेच ठेवला आणि तो जास्त फेऱ्यांपर्यंत टिकवला. भरवसा न गमावता ताकद वाढवायची ती अशी.

स्वस्तातला रीमॅप नेमकं उलटं करतो. ग्राहकाला गॅरेजमधून बाहेर पडताक्षणी पाठीत धक्का जाणवावा म्हणून १,५००-२,००० फेऱ्यांनाच टॉर्क भरमसाट वाढवला जातो. कमी फेऱ्यांवरचा हा जोर क्लच, गिअरबॉक्स आणि रॉडला सर्वांत जड जातो. लहान टर्बो पेट्रोल इंजिनात तर त्याने अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. म्हणून ट्यूनरला 'किती पीएस वाढेल' हे नंतर विचारा. 'किती फेऱ्यांना किती टॉर्क वाढवणार' हे आधी विचारा.

रीमॅप म्हणजे तरी काय? गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये, इंधन, स्पार्कची वेळ आणि टर्बोचा दाब यांचे तक्ते असतात. त्यांनाच मॅप म्हणतात आणि त्यातले आकडे बदलणं म्हणजे रीमॅप. कंपनी या आकड्यांत मुद्दाम राखीव जागा ठेवते. लेहच्या थंडीत, बिकानेरच्या उन्हात, आडगावच्या पंपावरच्या पेट्रोलवर आणि वेळेवर ऑइल न बदलणाऱ्या मालकाच्या हातातही गाडी चालली पाहिजे म्हणून. तुम्ही ऑइल वेळेवर बदलता आणि पेट्रोल चांगलं भरता, तर या राखीव जागेतला थोडा भाग वापरायला हरकत नाही. सगळा वापरला तर मात्र एका वाईट टाकीभर इंधनावर इंजिन ठोके देऊ लागेल. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला मॅप घेऊन गावी गेलात आणि तिथल्या पंपावर ते मिळालं नाही, तर काय कराल?

टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत रीमॅपने फारसं काही मिळत नाही. तिथे पैसे घालवू नका, असंच मी सांगेन.

बाइकवाल्यांसाठी

जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. बोअर १ मिमीने वाढवला तर ३४६ सीसीचं इंजिन ३५६ सीसीचं होतं, म्हणजे फक्त ३ टक्के वाढ. त्यासाठी सिलिंडरची भिंत पातळ होते आणि हे हवेवर थंड होणारं इंजिन आहे. हा सौदा महाग आहे.

त्यापेक्षा चेनचं पुढचं स्प्रॉकेट बघा. १५ दातांच्या जागी १४ दातांचं बसवलं, तर प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला ७ टक्के जास्त ओढ मिळते आणि इंजिन उघडावंही लागत नाही. हायवेवर त्याच वेगाला इंजिन ७ टक्के जास्त फिरेल, थोडं अ‍ॅव्हरेज पडेल, इतकंच. आणि कर्कश सायलेन्सर? त्याने बहुतेक वेळा आवाजच वाढतो, ताकद नाही. शेजारी वैतागतात, पोलिस चलन फाडतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर धूरही विषारी होतो.

आधी हरवलेली ताकद शोधा

पाच-सात वर्षांच्या गाडीत बऱ्याचदा नवं काही बसवायची गरजच नसते. चोंदलेला एअर फिल्टर, थकलेले स्पार्क प्लग, घासत राहणारे ब्रेक, टायरमध्ये कमी हवा, डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्हमध्ये साचलेली काजळी. हे सगळं नीट केल्यावर गाडी पुन्हा पळू लागते आणि मुलाचा हट्ट अर्धा उतरतो. त्यानंतरही ताकद वाढवायचीच असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळ्या सिलिंडरचा दाब जवळपास सारखा यायला हवा. एकातही तो खूप कमी आला तर आधी दुरुस्ती, बाकीचं नंतर.

खर्चाचा क्रमही लोक उलटा लावतात. आधी ताकद, मग क्लच घसरला की क्लच, मग कधीतरी ब्रेक. कूलंट, रेडिएटर, ब्रेक पॅड आणि टायर आधी चांगले करून घ्या. क्लच आधीच अर्धा झिजला असेल तर तोही. रीमॅपनंतर ऑइल बदलण्याचं अंतर कमी करा. कंपनी १०,००० किलोमीटर सांगत असेल तर ६-७ हजारांवरच बदला. डिझेलसाठी बाहेरून जोडायचा जो छोटा ट्यूनिंग बॉक्स मिळतो, त्यापासून शक्यतो लांबच राहा. त्यातले बरेचसे सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला फसवतात आणि इंधनाचा दाब वाढवतात. इंजेक्टर आणि पंप दोन्ही महाग आहेत.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी चालू असेल तर थांबा. जुना मॅप परत टाकला की कुणाला कळत नाही, असं दुकानदार म्हणेल. पण काही कंपन्यांच्या ईसीयूमध्ये त्याची नोंद राहते. विमा कंपनीला बदल न सांगता अपघात झाला, तर क्लेम अडकू शकतो. एकाच गाडीवर घर चालत असेल तर ही गोष्ट पीएसच्या आकड्यापेक्षा मोठी आहे.

सगळा विचार करूनही काम करायचं ठरलं, तर ट्यूनरकडून तीन गोष्टी मागून घ्या. कामाच्या आधीचा आणि नंतरचा डायनोचा आलेख, रस्त्यावर चालवून घेतलेली नोंद म्हणजे डेटा लॉग, आणि तुमच्या गाडीचा मूळ मॅप पेन ड्राइव्हवर. तो मूळ मॅप द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.