जुलैच्या ढगांखाली, डहाणूत बसून ग्रह शोधता येतो का?

जुलै महिन्यात डहाणूत आकाश दिसेल अशी आशा फारशी ठेवू नये. मासेमारी बंदीमुळे बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि कुणाकडे दुर्बीण असलीच, तर तीही पिशवीतून बाहेर निघत नाही. तरीही याच दिवसांत डहाणू रोड स्टेशनजवळच्या एखाद्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेला माणूस दुसऱ्या एखाद्या सूर्याभोवती फिरणारा ग्रह शोधायला हात घालू शकतो. त्यासाठी पदवी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. नासाच्या केप्लर आणि टेस या अंतराळ दुर्बिणींनी मोजलेला लाखो ताऱ्यांचा प्रकाश इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुला आहे. आकाश आधीच पाहून झालंय, आता ते वाचायचं बाकी आहे.

वाचायचं म्हणजे काय?

८ जून २००४ आठवतो का? त्या दिवशी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून दिसला होता. शाळांमध्ये काळे चष्मे वाटले गेले, पडद्यावर सूर्याची प्रतिमा घेऊन तो काळा ठिपका दाखवला गेला. याला अधिक्रमण म्हणतात. त्या काही तासांत सूर्याचा प्रकाश साधारण एक हजारांशाने कमी झाला होता, जो आपल्या डोळ्यांना कळणंच शक्य नव्हतं. आता हाच प्रसंग शेकडो प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्यावर घडतोय असं समजा. तिथे ठिपका दिसणार नाही, ताराच मुळात एक ठिपका आहे. पण ताऱ्याचा उजेड सतत मोजत राहिलं, तर आलेखात एक बारीकसा खड्डा पडलेला दिसतो. ठराविक काळाने तसाच खड्डा पुन्हा पडला, तर संशय घ्यायला जागा आहे.

खड्डा किती बारीक, याचा अंदाज डहाणूच्या चिकूवरून घेऊ. गुरू ग्रह म्हणजे सहा सेंटिमीटरचा एक चिकू धरला, तर सूर्य साधारण ६० सेंटिमीटर व्यासाच्या परातीएवढा होतो. परातीसमोरून चिकू गेला की एक टक्का उजेड अडतो. याच मापात पृथ्वी तुरीच्या दाण्याएवढी असेल. तो दाणा जो उजेड अडवेल, तो दहा लाखांत जेमतेम ८४ भाग. शिवाय दाण्याची वाट बरोबर आपल्या नजरेच्या रेषेतून जायला हवी. पृथ्वीसारख्या कक्षेच्या बाबतीत ही शक्यता दोनशेत एक आहे. म्हणूनच एकेका ताऱ्याकडे टक लावून भागत नाही. केप्लरने आकाशाच्या एकाच तुकड्यातल्या दीड लाखाहून जास्त ताऱ्यांवर चार वर्षं नजर ठेवली.

एवढी माहिती संगणकानेच चाळायला हवी, आणि तोच चाळतो. मग माणसं कशाला?

हा प्रश्न २०१० मध्येही विचारला गेला होता. त्या डिसेंबरात येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी झूनिव्हर्स या व्यासपीठासोबत ‘प्लॅनेट हंटर्स’ सुरू केलं आणि केप्लरचे आलेख सामान्य लोकांसमोर ठेवले. दोनच वर्षांत उत्तर मिळालं. दोन स्वयंसेवकांना एका ताऱ्याच्या आलेखात विचित्र खड्डे दिसले. तिथे मुळात एकमेकांभोवती वीस दिवसांत फिरणारे दोन तारे होते आणि त्या दोघांभोवती १३८ दिवसांची फेरी घालणारा एक ग्रह. ताऱ्यांनी एकमेकांना झाकल्यामुळे मोठे खड्डे पडत होते, त्यांच्या गर्दीत ग्रहाचे छोटे खड्डे लपले होते. शिवाय दोन्ही तारे स्वतःच हलत असल्याने ते घड्याळाच्या ठोक्यावर पडत नव्हते. ठोका शोधणारा संगणक इथे फसतो. माणसाच्या डोळ्याला मात्र ‘हे काहीतरी वेगळं आहे’ एवढं पुरतं.

टेसच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. २०१८ मध्ये झेपावलेली ही दुर्बीण आकाशाचा एक पट्टा साधारण २७ दिवस पाहते आणि पुढे सरकते. ज्या ग्रहाचं वर्ष ८४ दिवसांचं, तो एका पट्ट्यात फार तर एकदाच आडवा येणार. स्वयंचलित प्रणाली मात्र किमान दोन खड्डे मागते. शनीएवढा टीओआय-८१३ बी हा असाच ८४ दिवसांचा ग्रह, आणि तो स्वयंसेवकांच्या नजरेला पडला.

इथपर्यंत वाचून कुणी आजच लॅपटॉप उघडेल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिल्याच संध्याकाळी तुम्हाला खड्डा सापडेल. आणि तो जवळजवळ नक्कीच ग्रहाचा नसेल.

नेहमीचा गुन्हेगार म्हणजे जोडतारा. एक तारा दुसऱ्याला किंचित झाकून गेला की तसाच खड्डा पडतो. त्याला पकडायच्या काही युक्त्या आहेत. तळ सपाट आहे की खड्डा इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार? टोकदार असेल तर तारा असण्याचा संशय जास्त. पहिला, तिसरा, पाचवा खड्डा खोल आणि दुसरा, चौथा उथळ, असं होतंय का? होत असेल तर ते दोन वेगळे तारे आहेत, आळीपाळीने झाकले जाणारे. शेवटची पायरी सगळ्यात कंटाळवाणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: हा उजेड नक्की याच ताऱ्याचा आहे का? टेसच्या कॅमेऱ्याचे चौकोन इतके मोठे आहेत की पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीत जेमतेम ९० बसतात. एका चौकोनात शेजारचे दोन-तीन तारे सहज घुसतात, आणि शेजाऱ्याची भानगड आपल्या ताऱ्याच्या नावावर नोंदली जाते. या कामात ‘नाही’ म्हणता येणं हेच खरं कसब.

या बाबतीत पुण्याशी नातं असलेली एक जुनी फजिती आहे. कॅप्टन विल्यम जेकब हा बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी. १८४० च्या दशकात त्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा थाटून जोडताऱ्यांची यादी केली. पुढे मद्रास वेधशाळेचा प्रमुख असताना, १८५५ मध्ये त्याने जाहीर केलं की ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या कक्षेतली गडबड बहुधा एखाद्या ग्रहामुळे आहे. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा हा अगदी सुरुवातीचा दावा. तो ग्रह आजवर कुणाला सापडलेला नाही. जेकब मात्र पुण्याजवळच्या डोंगरावर नवी वेधशाळा उभारायला १८६२ मध्ये मोठी दुर्बीण घेऊन परत आला आणि मुंबईत उतरल्यावर आठच दिवसांत पुण्यात वारला.

आजही खड्डा दिसणं म्हणजे ग्रह सापडणं नव्हे. तो फक्त उमेदवार ठरतो. खड्ड्यावरून आकार कळतो, वजन नाही. त्यासाठी ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो हे मोजावं लागतं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची माउंट अबूवरची १.२ मीटरची दुर्बीण आणि तिला जोडलेलं ‘पारस’ हे उपकरण नेमकं हेच करतं. केप्लरच्या आलेखातल्या अशाच एका उमेदवाराचं वजन २०१८ मध्ये तिथे झालं: पृथ्वीच्या सहापट रुंद, सुमारे २७ पट जड, आणि वर्ष फक्त साडेएकोणीस दिवसांचं. २०२५ पर्यंत खात्री पटलेल्या ग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली.

पावसाळा सरल्यावर दुर्बीणवाल्यांनाही काम आहेच. माहीत असलेल्या ग्रहांच्या अधिक्रमणाची वेळ दरवर्षी थोडी थोडी अनिश्चित होत जाते. ती ताजी ठेवायला नासाचं ‘एक्झोप्लॅनेट वॉच’ हौशी निरीक्षकांची मोजमापं घेतं. एक टक्क्याचा खड्डा लहान दुर्बिणीला आणि बऱ्या कॅमेऱ्यालाही पकडता येतो. एकट्याने सुरुवात जड वाटत असेल, तर १९४४ पासूनची पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचं खगोल मंडळ आहे.

आणि नावाचं म्हणाल, तर शोधणाऱ्याला ग्रहाचं नाव ठेवता येत नाही, अक्षरं आणि आकडेच मिळतात. अपवादाने कधीतरी मतदान होतं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव द्यायचा मान भारताला दिला. तारा झाला ‘विभा’, पदार्थविज्ञानातल्या संशोधक विभा चौधरी यांच्या नावावरून. ग्रहाचं नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवलं होतं. तिथलं एक वर्ष आपल्या दोन दिवसांपेक्षा जरा मोठं. नाव आहे ‘संतमस’, म्हणजे ढगाळलेला.