उत्तर शेवटच्या बाकावरून यावे

सराव पाठासाठी वर्गापुढे उभ्या राहिलेल्या छात्राध्यापिकेची अवस्था परीक्षेला बसलेल्या मुलासारखीच असते. हातात खडू, टेबलावर पाठ टाचण आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले निरीक्षक. 'समजले का?' असे ती विचारते, 'होऽऽ' असा एकसुरी होकार येतो, पुढच्या रांगेतले चार-पाच हात वर होतात आणि पाठ साधला असे सर्वांनाच वाटते. उरलेल्या मुलांना काय कळले, हे त्या टाचणात कुठेच उमटत नाही.

जामनेरसारख्या तालुक्यात या मौनाला आणखी एक पदर आहे. घरात तावडी बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी. उत्तर येत असूनही ते चारचौघांत पुस्तकी भाषेत सांगायचा अनेक मुलांना संकोच वाटतो. हसे होण्यापेक्षा गप्प बसणे बरे, हे मूल फार लवकर शिकते.

वर्गात यंत्र आणण्याची आपली धडपड जुनी आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्याचा प्रयोग झाला. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. पण पडदा बोलायचा आणि मुले पाहायची. अलीकडे माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोडमुळे मुलाला धडा पुन्हा पाहता-ऐकता येतो. मुलाचे उत्तर शिक्षकापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र वेगळी शोधावी लागते.

अशी एक वाट हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ पासून रूढ केली. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आपले उत्तर आधी स्वतंत्रपणे द्यायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. हीच रीत आज 'प्लिकर्स'सारख्या साधनाने साध्या वर्गातही चालवता येते. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळते. कार्डाची जी बाजू वर, ते त्याचे उत्तर. फोन फक्त शिक्षिकेकडे लागतो. कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते दिसते. प्रत्येक कार्डावरची आकृती निराळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणेही सोपे राहत नाही.

समजा, प्रश्न आहे : एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? तीनपेक्षा चार मोठे, म्हणून चतुर्थांश मोठा, असे पुष्कळ मुलांना वाटते. हात वर करायला सांगितले तर ही चूक लपते, कार्डांवर ती उघड होते. मग 'शेजाऱ्याला समजावून सांगा' म्हटले की भाकरीचे तीन वाटे आणि चार वाटे यांचा हिशेब घरच्या बोलीत रंगतो. प्रमाण मराठीपाशी अडलेली जीभ इथे मोकळी होते.

छात्राध्यापकांना तर याची गरज अधिक. सूक्ष्म अध्यापनात समोर विद्यार्थी म्हणून सहाध्यायीच बसतात. त्यांच्या चुका खोट्या असतात. २०१५ पासून बी. एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील अनुभवासाठी किमान वीस आठवडे ठरले. खऱ्या चुका ओळखायला शिकण्याचा हा काळ आहे. तो रंगीत चित्रफिती दाखवण्यात गेला तर निरीक्षक खूश होतील, पण शिक्षक घडणार नाही.

पथ्येही आहेत. चुकलेल्यांची नावे पडद्यावर झळकवू नयेत. वीज गेली, फोन बंद पडला, तर पाटीवर उत्तर लिहून सर्वांनी एकदम उंच धरावे. काम तेच होते.

खानदेशाला ही दृष्टी परकी नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिकवताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. साधन कागद-शाईचे होते. ओढ मुलांपर्यंत पोहोचण्याची होती. जामनेरच्या वर्गात उद्या फोन घेऊन उभ्या राहणाऱ्या छात्राध्यापिकेच्या पाठाला गुण देताना निरीक्षकांनी एवढेच पाहावे : शेवटच्या बाकावरच्या मुलाने काय उत्तर दिले, आणि ते कळल्यावर बाईंनी आपला पाठ बदलला का?